फेरीबाहेरची गल्ली

रंग ओला होता हे मला बाहीला लागल्यावर कळलं. कमानींच्या रस्त्यावर आम्ही सावलीच्या बाजूने चाललो होतो आणि मी भिंतीला जवळजवळ खेटून, कारण रस्त्याच्या मधून चालणं मला या वयातही जमत नाही. मागे पाहुणे होते. जुन्या जकातघरात मालाची वजनं कुठे होत ते मी सांगत होतो, आणि वरच्या खिडकीकडे दाखवायला हात उचलला तेव्हा कोपरापाशी निळा पट्टा उमटलेला दिसला. पाहुण्यांत एक उंच बाई होत्या, आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी लगेच रुमाल पुढे केला आणि म्हणाल्या, "चोळू नका हं, पसरेल." मी चोळला आणि तो पसरला. मग पाहिलं तर भिंतीवर कमरेच्या उंचीला एक आडवी निळी खूण होती, तळहाताएवढी. पुढच्या घरावर तशीच. त्याच्या पुढच्या घरावरही. मी बोलत राहिलो, पण आता माझं लक्ष खुणांकडे होतं. दोरबाजाराच्या तोंडाशी रस्ता फुटतो. उजवीकडून गेलं तर समुद्राच्या पायऱ्या जवळ पडतात, पण माझी फेरी डावीकडे वळते, विहिरीला वळसा घालून, बघणाऱ्याला विनाकारण वाटावी इतकी लांबून. खुणाही डावीकडे वळल्या होत्या. विहिरीला त्यांनी वळसा घातला होता. पुढे पडक्या वखारीपाशी मी रस्ता ओलांडतो, कारण तिथे एका माणसाला दुपारी झोपायची सवय होती आणि आमच्या पावलांनी त्याला जाग येऊ नये असं मला वाटे. तो माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली, मी अजून ओलांडतो. खुणांनीही रस्ता ओलांडला होता. माझ्या आधी कोणीतरी माझ्याच चालीने इथून चालून गेलं आहे असं वाटलं, आणि मी वाक्य अर्ध्यावर सोडलं. पाहुण्यांना वाटलं, म्हातारा दमला. त्यांनी मला एका पायरीवर बसवलं आणि स्वतः आदराने भोवती उभे राहिले. तेही मला नको होतं.

मी बोलणारा माणूस नव्हे. सगळी नोकरी मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत काढली, जिथे नवी पुस्तकं येत आणि मी त्यांना क्रमांक देऊन कपाटांकडे पाठवी. लोक पुढच्या खोलीत असत. कोणी मागे डोकावलं की मी खाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं करी. लहानपणी घरी पाहुणे आले की मी पलंगाखाली जात असे. माझी आई म्हणे, "आमचा हा ना, दिसायचाच नाही कोणाला," आणि त्यात तक्रार होती की कौतुक हे मला आजही कळलेलं नाही. अशा माणसाने अनोळखी लोकांना गावातून हिंडवावं ही खरं तर थट्टाच. पण ते मोठ्या जहाजांचे दिवस होते. सकाळी समुद्रावर एक पांढरी इमारत येऊन उभी राही आणि तिच्यातून माणसं सांडत. कमानींच्या रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसे. भोंग्यांवरून खोट्या कथा सांगितल्या जात, फरशीचे कोपरे खिशात घालून नेले जात. लोक दारांतून आत डोकावत, जेवणाऱ्या माणसांचे फोटो काढत. आमच्या गल्लीत हिने, माझ्या बायकोने, एकदा चादर वाळत घातली होती, निळ्या किनारीची. ती चादर कोणाच्या तरी फोटोत सापडली आणि तो फोटो इतका पसरला की लोक ती चादर शोधत येऊ लागले. ही वैतागून म्हणाली होती, "माझी चादर जगभर फिरून आली, मला मेलीला कोणी स्टेशनापलीकडे नेलं नाही." मग तिने धुणं आत वाळत घालायला सुरुवात केली. खोलीला कायम ओल्या कपड्यांचा वास. त्या वासात बसून मी पहिल्यांदा नियम लिहिले.

नियम साधे होते. मोजकीच माणसं. भोंगा नाही. राहायचं ते गावातल्या माणसांकडे, खायचं ते गावातल्या माणसांच्या हातचं. भिंतींना हात लावायचा नाही. विचारल्याशिवाय माणसांचा फोटो काढायचा नाही. आणि जिथे लोक राहतात त्या गल्ल्यांत शिरायचं नाही. शेवटचा नियम हिचा. बाकीचे मी पुस्तकांतून थोडे, मनातून थोडे जमवले होते. हा तिने स्वयंपाक करता करता सांगितला आणि मी लिहून घेतला. त्यानुसार मी वाट आखली. आमची गल्ली तर वगळलीच, पण तिच्या तोंडावरूनसुद्धा जायला नको म्हणून विहिरीचा वळसा घातला. मला कोणी विचारलं असतं की तुझ्या आयुष्यातलं एक चांगलं काम सांग, तर मी, म्हणजे लाजत लाजत, त्या वळशाचं नाव घेतलं असतं. पुढे फेरीचं नाव झालं. दूरदूरचे शहाणे, सौम्य लोक पत्रं पाठवून येऊ लागले. ते हळू बोलत, स्वतःच्या पाण्याच्या बाटल्या आणत, वाटेतला कचरा उचलत. गल्ली शांत झाली. हिने पुन्हा चादर बाहेर घातली. ज्या दिवशी तिने ती दोरीवर टाकली त्या दिवशी माझ्या मनात जे झालं त्याला मी कधी नाव दिलं नाही. मला वाटतं तो अभिमान होता, पण अभिमानाचा मला फारसा सराव नाही, त्यामुळे चूक होऊ शकते.

पाहुण्यांना पायऱ्यांपाशी निरोप देऊन मी परत खुणांच्या मागे गेलो. चौकात रंगवाला भेटला. डबा पायांशी ठेवून पाव खात बसला होता, मोबाईलवर गाणं लावलेलं. माझी बाही बघून हसला.

"काय काका, लागला का? सांगणार होतो ओला आहे म्हणून, पण तुम्ही एवढ्या रंगात येऊन बोलत होता."

"कसल्या खुणा या?"

"भिंतीच्या. जमिनीत पोलादी पत्रे ठोकणार, खोलवर. आत पंप बसणार. आतलं कोरडं राहील म्हणतात. समुद्र किती का चढेना."

"आणि बाहेरचं?"

त्याने पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि बाहेरचं म्हणजे काय हे आठवत असल्यासारखा थोडा वेळ चावत राहिला. "बाहेरचं बाहेर. सगळ्या गावाला भिंत घालायची तर पैसा नको का? पाहुणे जिथून हिंडतात तेवढं धरलंय. ती कुठलीशी फेरी आहे ना, फार नावाजलेली? साहेब म्हणाले, तीच वाट घ्या, म्हणजे डोकेफोड नको."

"दोरबाजाराच्या उजवीकडे गल्ली आहे."

"असेल. तिथे काही नाही."

"तिथे लोक राहतात."

"राहतात की," तो समजूत घातल्यासारखं म्हणाला. "पण बघण्यासारखं काही नाही ना, काका."

मी म्हणालो, हो. खरंच हो म्हणालो. तो सरळ माणूस होता, आणि समोरच्याने सरळ काही सांगितलं की हो म्हणायची मला सवय आहे. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडलो, फार सुंदर वाक्यांत.

आमचं घर तळमजल्यावर. दाराला उंबऱ्याच्या जागी आता सिमेंटचा बांध आहे, तो ओलांडून आत यायचं. विजेची बटणं वर सरकवलेली, इतकी की हिला दिवा लावायला टाचा उंच कराव्या लागतात. पुस्तकं मी आधी खालच्या फळीवरून मधल्या फळीवर नेली, मग मधल्यावरून वरच्या, आणि आता जी वाचायची असतात ती हाताला लागत नाहीत आणि जी हाताला लागतात ती भिजून सुकलेली, फुगलेली. भिंतीतून मीठ फुटतं. सकाळी बोट फिरवलं तर पांढरं पीठ येतं. उधाणाच्या भरतीला गटारातून पाणी उलटं येतं, स्वच्छ, थंड पाणी, कधी कधी त्यात बोटाएवढे मासे. आम्ही या सगळ्याला सरावलो होतो. म्हणजे, यालाही काही उपाय निघेल अशा समजुतीला सरावलो होतो. मी हिला रंगवाल्याचं बोलणं सांगितलं. ती भाजी निवडत होती. आधी ती हसली.

"म्हणजे तुमच्या पायांना एवढी किंमत? जिथे पडतील तिथे भिंत?"

"थट्टा नको गं."

"थट्टा नाही हो. आयुष्यात पहिल्यांदा तुमचं कोणी ऐकलं, आणि ते असं." मग तिचे हात थांबले. "तो नियम माझा होता."

"लिहिला मी."

"सांगितला मी." आम्ही थोडा वेळ तो नियम आपापल्याकडे ओढत राहिलो, जसे हॉटेलात दोन पाहुणे बिल ओढतात. मग ती म्हणाली, "विचारा तरी जाऊन त्यांना. तोंड आहे ना?"

मुलीचा फोन त्या संध्याकाळी नेमका आला. ती डोंगराकडच्या शहरात असते, तिथे समुद्र चित्रात दिसतो. हिने तिला सगळं सांगितलं आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणजे मलाही ऐकू यावं. "आई, पुरे झालं आता. बाबांची पुस्तकं ठेवायला वरची खोली मोकळी केलीय मी. या ना इकडे." ही म्हणाली, "येऊ की, चार दिवस." "चार दिवस नाही गं, कायमचं." हिने तिथल्या पावसाचं विचारलं. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिथे मी पाहुणी. इथे मी शेजारीण आहे. मला या वयात पाहुणी व्हायचं नाही." समोरच्या माडीवरून शिंपीणबाईंच्या मशीनचा आवाज येत होता, थांबत, चालत, थांबत. हिला तो आवाज नसला की झोप लागत नाही. मी हे इतकी वर्षं जाणून होतो, पण ती गल्ली गेली तर तिचं नेमकं काय जाईल, याचा विचार मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा केला. माझं काय जाईल ते मला सांगता आलं नसतं. माझी अर्धी जिंदगी छापलेल्या कागदात आहे, ती कुठेही नेता येते. तिची सगळी त्या गल्लीच्या दोन भिंतींमध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. रात्रभर वाक्यं जुळवली होती. बाकावर बसून मी ती ओठांनी म्हणत होतो, तेवढ्यात एक तरुण कारकून बाहेर आला, मला पाहून थांबला आणि ओरडलाच, "अरे, फेरीवाले आजोबा! आत या, आत या." त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, दोघातिघांना बोलावून आणलं. ते माझ्याकडे बघत उभे राहिले. एकीने विचारलं, फोटो काढला तर चालेल का? विचारून काढत होती, माझ्या नियमाप्रमाणे. मी मान हलवली. "तुमच्यामुळे आमचं काम इतकं सोपं झालं," कारकून म्हणाला. "नाहीतर काय वाचवायचं आणि काय सोडायचं यावरून मारामाऱ्या झाल्या असत्या. तुम्ही आधीच निवडून ठेवलंत." मी कप दोन्ही हातांत धरून बसलो होतो. मला म्हणायचं होतं की मी वाचवायला निवडलं नव्हतं, मी लपवायला निवडलं होतं. जे मला जपायचं होतं तेच मी बाहेर ठेवलं. हे वाक्य मला तिथे सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचतंय, आणि आता त्याचा उपयोग नाही. तिथे मी एवढंच म्हणालो, "दोरबाजाराच्या उजवीकडे एक गल्ली आहे." कारकून म्हणाला, "उद्या मोठे साहेब स्वतः हिंडून बघणार आहेत, पाहुणे कुठेकुठे जातात ते. तुमची फेरी आहेच ना उद्या? त्या गल्लीत वर्दळ दिसली तर घेतीलही. एकदा त्यांनी मान हलवली की मग मात्र बदल नाही." मी चहा संपवला. चहा फार गोड होता, आणि तो मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो, कारण ठेवला असता तर त्यांना वाईट वाटलं असतं.

"मग झालं तर," ही म्हणाली. "घेऊन या त्यांना."

"नियमाचं काय?"

"अहो, नियम आपण केला. आपल्याला काही शिक्षा होणार नाही."

तिने ते गल्लीला सांगितलं. तेव्हा मी खिडकीआड उभा होतो. शिंपीणबाई माडीवरून म्हणाल्या, "बघायला येणार? आम्हाला? काय बघणार, माझे गुडघे?" बँडवाले, म्हणजे आमच्या शेजारचे म्हातारे, पूर्वी बँडमध्ये पितळी वाद्य वाजवत, त्यांनी विचारलं, "वाजवायचं का?" आणि हिने सांगितलं, "वाजवू नका, नुसतं पुसून ठेवा, चमकलं की पुरे." सगळे हसले. पण संध्याकाळी मी पाहिलं, शिंपीणबाई जिना धूत होत्या. कोणीतरी दाराला तेल लावलं होतं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या खिडक्या उघडल्या गेल्या आणि त्यांच्या आत मला माहीत नसलेले भिंतींचे रंग दिसले, पिस्त्याचा हिरवा, एक फिकट गुलाबी. मला आनंद व्हायला हवा होता. मला लाज वाटत होती. मुलगी दाखवायची असली की घर जसं वागतं तशी गल्ली वागत होती, आणि ते सगळं माझ्या भरवशावर. माझ्या भरवशावर कोणी काही करू नये असं मला नेहमी वाटत आलं आहे. ग्रंथालयातसुद्धा मी दिलेला क्रमांक कोणीतरी दुसऱ्याने तपासला की मला बरं वाटे.

सकाळी पाहुणे जकातघरापाशी जमले. उंच बाई पुन्हा आल्या होत्या. म्हणाल्या, "परवा तुम्हाला बरं नव्हतं, राहिलेलं ऐकायला आले." समुद्राकडून वारा होता, उधाणाचा दिवस, हवेत तो लोखंडासारखा वास. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून रोजचं सगळं रोजच्या क्रमाने बाहेर पडलं. स्वागत, मग गावाचं वय, मग नियम. हे मला कळलं तेव्हा मी शेवटच्या नियमाच्या मध्यावर होतो. जिभेला थांबवायला हवं होतं. पण ते वाक्य इतक्या वेळा म्हटलेलं की उतारावरच्या गाडीसारखं ते आपोआप शेवटाला गेलं: जिथे लोक राहतात त्या गल्ल्यांत आपण शिरत नाही, कारण त्यांचं आयुष्य हे आपलं प्रदर्शन नाही. पाहुण्यांनी माना हलवल्या. उंच बाईंनी डोळे मिटून हलवली. हे वाक्य लोकांना आवडतं. एकाने मला सांगितलं होतं की त्याने ते घरी भिंतीवर लावलंय.

दोरबाजारापर्यंत मी काय सांगितलं मला आठवत नाही. चौकात छत्र्या घेतलेली काही माणसं उभी होती, त्यांच्या मधोमध एक गोरेसे, ठेंगणे गृहस्थ, विजारीचे काठ दुमडलेले. रंगवाल्याने मला लांबूनच भुवयांनी खुणावलं, हेच ते. मी फाट्यापाशी थांबलो. डावीकडे निळ्या खुणा. उजवीकडे आमच्या गल्लीचं तोंड, आणि त्यातून दिसणारा दोरीवरच्या चादरीचा एक कोपरा, वाऱ्याने हलणारा.

"आज आपण," मी म्हणालो, "आज जरा इकडून जाऊ."

पाहुणे थांबले. "इकडे काय आहे?" कोणीतरी विचारलं.

"तसं काही नाही. म्हणजे, लोक राहतात."

कोणी हललं नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यांवर हळूहळू एक समजूतदार हसू आलं. मी त्यांची परीक्षा घेतोय असं त्यांना वाटलं असावं. उंच बाई पुढे आल्या. "नको," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "आम्ही नाही जाणार."

"चालेल आज. त्यांना चालेल."

"ते नाही म्हणू शकत नाहीत म्हणून चालेल. हो ना?" त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही शिकवलंत तसं कोणी शिकवत नाही. आम्ही तसल्या लोकांपैकी नाही."

मला आता एकच वाक्य बोलायचं होतं. फार छोटं होतं ते. या, आम्हाला बघा. त्या फाट्यावर वाऱ्यात उभा राहून मी ते मनात दोनदा म्हटलं. जन्मभर ज्याने पलंगाखाली जागा शोधली त्याला "बघा" हा शब्द बाहेर काढता येत नव्हता. आणि मी हेही पाहत होतो की त्या बाई बरोबर होत्या. म्हणजे, त्यांच्या जागी मी असतो तर मीही शिरलो नसतो. चांगल्या माणसांकडून वाईट वागणूक कशी मागायची ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "त्यांनी खिडक्या उघडल्यात." एवढंच बाहेर आलं. बाईंचे डोळे भरून आले. "बघा," त्या बाकीच्यांना म्हणाल्या, "किती हळवेपणाने बघतात ते आपल्या शेजाऱ्यांकडे." मग त्या डावीकडे वळल्या आणि बाकीचे त्यांच्या मागे, एका रांगेत, भिंतीला हात न लावता. विहिरीला त्यांनी वळसा घातला. वखारीपाशी त्यांनी रस्ता ओलांडला. माझ्याशिवाय ते बरोबर माझ्या वाटेने गेले. चौकातल्या ठेंगण्या गृहस्थांनी त्यांना जाताना पाहिलं, मग उजवीकडच्या गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं, मी होतो, पण मी भिंतीला खेटून उभा होतो. त्यांनी मान हलवली. रंगवाल्याने डबा उचलला.

मी गल्लीत गेलो. गल्लीतल्यांनी दारांपुढे खुर्च्या मांडल्या होत्या. स्वतःसाठी आणि पाहुण्यांसाठी, घरोघरच्या, वेगवेगळ्या उंचीच्या. शिंपीणबाईंनी मशीन खाली आणवून घेतलं होतं आणि त्यावर एक लाल कापड अर्धं शिवून ठेवलं होतं, जणू आत्ताच कोणीतरी बोलावलं म्हणून हात थांबला. बँडवाल्यांच्या मांडीवर पितळेचं वाद्य. सगळ्यांचे केस विंचरलेले. ही दारात बसली होती, हात मांडीवर ठेवून, फोटो काढून घेताना बसतात तशी. ज्या बाईने फोटोवाल्यांपायी धुणं आत वाळत घातलं होतं तीच. तिने माझ्या मागे पाहिलं.

"आणि बाकीचे?"

"येत नाहीत."

"का?"

"आपल्याला त्रास नको म्हणून."

मग बँडवाले हसायला लागले, आधी नाकातून, मग पोटातून, शेवटी खोकला लागेपर्यंत. शिंपीणबाई म्हणाल्या, "मग मी पावडर लावली ती कोणाला दाखवू?" ही म्हणाली, "मला दाखवा." तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. "बोललात का तुम्ही?" तिने विचारलं, हळू, फक्त मला ऐकू येईल असं. मी म्हणालो, "खिडक्या उघडल्यात एवढं म्हणालो." तिने मान डोलावली, जणू मुलाने निदान एक बेरीज तरी बरोबर केली होती. "मोठे साहेब?" "पाहिलं त्यांनी. गेले." तिने पदराने नव्हे, हाताच्या पाठीनेच कपाळ पुसलं आणि समोर बघू लागली.

पाणी आलं तेव्हा काही आवाज झाला नाही. गटाराच्या फरशीच्या सांध्यातून ते वर आलं, पातळ, आणि गल्लीच्या मधोमध पसरत खुर्च्यांपर्यंत पोचलं. एरवी पाणी दिसलं की धांदल उडते. हाका मारल्या जातात, गोणपाटं येतात, कोणी बादल्या, कोणी चटया, शिंपीणबाई माडीवरून सूचना देतात आणि कोणी ऐकत नाही. आज मशीनच्या पायाला पाणी लागलं आणि त्यांनी ते लागताना पाहिलं. बँडवाल्यांच्या बुटांभोवती ते फिरलं. कोणी उठलं नाही. उठणं म्हणजे गल्ली गेली हे कबूल करणं, हे सगळ्यांना कळत होतं, आणि आधी कोण उठतं ते कोणालाच बघायचं नव्हतं. एक खुर्ची हिच्या शेजारी रिकामी होती, पाहुण्यांपैकी कोणासाठी तरी धुऊन पुसून ठेवलेली. मी तिच्यावर बसलो. थंडी बुटाच्या शिवणीतून आत आली, मग मोज्यात. समोरच्या उघड्या खिडकीत तो हिरवा रंग दिसत होता. सुंदर होता. इतकी वर्षं समोर राहून मी तो पाहिला नव्हता.

"पाय वर घ्या," ही म्हणाली. "सर्दी होईल."

"तू घे आधी."

"घेते."

आम्ही दोघांनीही घेतले नाहीत.